इलिरियन लोकांचा इतिहास शत्रूंनीच लिहिला, मग त्यातलं किती मानायचं?

अश्मक
इसवी सन ९. आजच्या बोस्निया आणि क्रोएशियाच्या डोंगरांत तीन वर्षं धुमसणारा उठाव संपला आणि उठावाचा म्होरक्या बातो रोमन सेनापती तिबेरियससमोर येऊन उभा राहिला. स्वतःसाठी त्याने काहीच मागितलं नाही, साथीदारांसाठी मात्र बराच वेळ बोलला. "बंड का केलंत?" या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, "दोष तुमचाच. कळप राखायला तुम्ही कुत्री पाठवत नाही, मेंढपाळ पाठवत नाही, लांडगे पाठवता."

हे उत्तर आपल्यापर्यंत आणलं कासियस डिओने. तो रोमन सिनेटर, लिहिणार ग्रीकमध्ये, तेही घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. बातोच्या लोकांनी स्वतःच्या भाषेत लिहिलेली एक ओळही बाल्कनमध्ये सापडलेली नाही.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: एड्रियाटिक समुद्राचा पूर्व किनारा आणि त्यामागचे डोंगर, म्हणजे आजचा अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, बोस्निया-हर्झेगोविना, कोसोव्हो, क्रोएशियाचा बराच भाग आणि लगतचा मुलूख. तिथल्या तौलांती, आर्डिएई, दार्दानी, औतारियाती, दाल्माती, देसितियाती अशा अनेक जमातींना मिळून ग्रीक-रोमन लेखक इलिरियन म्हणत. ग्रीकांच्या लेखी हे रानटी आणि दारुडे, रोमनांच्या लेखी चाचे.

माझं मत असं की शत्रूचं लेखन टाकून देऊ नये, पण दोन चाळण्यांतून काढावं. कोण कुठे लढलं, तह काय झाला, किती जहाजं होती, हे बहुतेक वेळा स्वीकारावं. कोणाच्या मनात काय होतं, कोण गर्विष्ठ, कोण लोभी, हे सहसा स्वीकारू नये. तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू
माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली. जाणकार येऊ द्या.

खडूफळा
सुरुवात नावापासूनच करायला हवी. रोमन लेखक प्लिनीने 'खास ज्यांना इलिरियन म्हणतात ते' असा एका लहानशा गटाचा वेगळा उल्लेख केला आहे. म्हणजे दक्षिणेकडच्या, ग्रीकांना आधी भेटलेल्या एका जमातीचं नाव त्यांनी मागच्या सगळ्यांना लावलं असावं, आणि पुढे रोमनांनी तेच नाव आख्ख्या प्रांताला दिलं. बातोला कोणी विचारलं असतं तर त्याने 'मी देसितियाती' असंच सांगितलं असतं, असं मला वाटतं.

ग्रीक इतिहासकार अप्पियनने तर वंशावळच दिली आहे. एकाक्ष राक्षस पॉलिफेमस आणि गॅलाटिया यांचा मुलगा इलिरियस. त्याची मुलं एन्खेलेउस, औतारिएउस, दार्दानुस, तौलास, आणि मुली पार्थो, दाओर्थो, दास्सारो वगैरे. प्रत्येक जमातीला एकेक पूर्वज!

तिखटमीठ
@खडूफळा सर, म्हणजे आपल्याकडे बळीराजाचे पुत्र अंग, वंग, कलिंग, पुंड्र आणि सुह्म, तसंच की हे!

खडूफळा
अगदी तसंच. नकाशा आधी, वंशवृक्ष नंतर.

नाणेघाट
अश्मक, तुमच्या दोन चाळण्या तेउता राणीवर वापरून बघू. कसोटीसाठी याहून चांगलं प्रकरण नाही.

आधी ग्रीक इतिहासकार पॉलिबियसची गोष्ट. आर्डिएईंचा राजा अग्रोन. त्याच्याआधीच्या कुठल्याही इलिरियन राजाकडे नव्हतं एवढं सैन्य आणि आरमार त्याच्याकडे होतं. इ.स.पू. २३१ मध्ये मॅसेडोनियाच्या राजाकडून पैसे घेऊन त्याने १०० गलबतं आणि ५,००० माणसं मेदिओन या ग्रीक शहराकडे पाठवली आणि बलाढ्य एटोलियन ग्रीकांचा पराभव केला. विजयाच्या आनंदात एवढं खाणंपिणं झालं की राजा छातीच्या दुखण्याने काही दिवसांत गेला. सत्ता विधवा तेउताकडे आली. गादीचा वारस पिन्नेस, तिचा सावत्र मुलगा, लहान होता. पुढच्या वर्षी इलिरियनांनी एपिरसमधलं फिनिके हे श्रीमंत शहर घेतलं. तिथल्या पहाऱ्यावरचे ८०० गॉल भाडोत्री सैनिकच फितूर झाले होते. त्याच सुमारास इटालियन व्यापारी लुटले गेले, काही मारले गेले, आणि रोमने कोरुन्कानियस बंधूंना वकील म्हणून पाठवलं.

तेउता म्हणाली, राज्याकडून रोमला उपद्रव होणार नाही याची काळजी घेईन, पण प्रजेला समुद्रावर लूट करण्यापासून अडवण्याची इलिरियन राजांची रीत नाही. त्यावर धाकटा भाऊ उसळून म्हणाला, राजाने प्रजेशी कसं वागायचं ती रीत आम्ही तुम्हाला सुधारायला लावू. राणीने संतापून परतीच्या वाटेवर त्याचा खून करवला. रोमने २०० जहाजं, २०,००० पायदळ आणि २,००० घोडदळ पाठवलं.

आता अप्पियन. त्याच्याकडे हा दरबारच नाही! इस्सा बेटाने, म्हणजे आजच्या विसने, रोमकडे तक्रार केली. रोमन वकील इस्साच्या वकिलासोबत येत असताना वाटेत समुद्रावरच इलिरियन गलबतांनी हल्ला केला आणि दोघे मेले. तेव्हा अग्रोन जिवंत होता. तेउता तोपर्यंत राणीपदावर आलेलीच नव्हती.

एक रोमन वकील मेला, आणि त्यानंतर रोमचं पहिलं सैन्य एड्रियाटिक ओलांडून आलं. एवढंच दोन्हीकडे समान. माझ्या मते 'संतापी राणी' ही युद्धाचं समर्थन म्हणून नंतर रचली गेली. पॉलिबियस हे सगळं सुमारे ८० वर्षांनी लिहितोय आणि त्याच्या हाताशी बहुधा फाबियस पिक्टर होता, म्हणजे एक रोमन सिनेटर.

अश्मक
नाणेघाट, प्रतिसाद फार आवडला. दोन्ही कथनांतला समान गाभा तेवढा धरायचा, हा उपाय माझ्या चाळण्यांपेक्षा जास्त काटेकोर आहे.

दर्यावर्दी
मी मालवाहू जहाजावर आहे, अल्बानियाच्या दुर्रेस बंदरात जाणं झालंय. किनारा पाहिल्यावर चाचेगिरीची चर्चा वेगळी वाटते.

इटलीच्या बाजूचा किनारा बराचसा सपाट, आसरा घेण्याजोगी बंदरं कमी. समोरच्या बाजूला किनाऱ्याला समांतर शेकडो बेटं, खोल खाड्या, मागे थेट डोंगर. हिवाळ्यात ईशान्येकडून 'बोरा' सुटतो. डोंगरावरून खाली कोसळणारा थंड वारा तो, झोताझोताने येतो आणि भलभल्यांना नांगर धरू देत नाही. त्यामुळे ग्रीसहून उत्तरेकडे जाणारी गलबतं पूर्व किनाऱ्यानेच, बेटांच्या आडोशाने जात. व्यापाराचा रस्ताच इलिरियनांच्या दारावरून जायचा.

आणि त्यांचं 'लेम्ब' म्हणजे हलकं, अरुंद, वेगवान गलबत. अचानक बाहेर पडायचं, काम उरकायचं, परत खाडीत गुडूप. उत्तरेकडच्या लिबुर्नी जमातीची अशीच हलकी जहाजं रोमनांनी उचलली आणि 'लिबुर्ना' नावाने आपल्या आरमारात घेतली. इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमला झालेल्या आरमारी लढाईत ऑक्टेव्हियनच्या (पुढचा ऑगस्टस बादशहा) ताफ्यात ती होती. ज्यांना चाचे म्हटलं त्यांच्याच नौकांवर पुढे साम्राज्य चाललं.

इ.स.पू. २२८ च्या तहात काय ठरलं बघा: लिस्सुसच्या, म्हणजे आजच्या लेझच्या, दक्षिणेला दोनपेक्षा जास्त लेम्ब न्यायचे नाहीत, आणि तेही निःशस्त्र. भीती कशाची होती ते या एका कलमात दिसतं.

कुलाबकर
हे वाचताना अलिबागकराला सरखेल कान्होजी आंग्रे आठवणारच! इंग्रजांनी त्यांनाही कागदोपत्री चाचाच केलं. स्वतःच्या किनाऱ्यावर स्वतःची सत्ता चालवणारा माणूस परक्या व्यापारी कंपनीच्या वहीत दरोडेखोर होतो. तेउताचंही तेच झालं.

खडूफळा
कुलाबकर, भावना समजते, पण इथे मी सहमत नाही. आंग्र्यांची दस्तकाची पद्धत होती. परवाना घ्या, सुरक्षित जा, नसेल तर जहाज अडवू. हा राज्याचा सागरी कायदा झाला. तेउतासंबंधी जे नोंदवलंय त्यात उलट ती म्हणते की लूट प्रजेची खासगी बाब आहे, राज्याचा संबंध नाही. दोन्हींत मोठा फरक आहे.

कुलाबकर
पण सर, ते वाक्य तरी तेउताचं कशावरून? पॉलिबियसने तिच्या तोंडी घातलेलं. वर नाणेघाट यांनी दाखवलंच की तो दरबार भरला होता की नाही हेच पक्कं नाही. आंग्र्यांची बाजू मराठी कागदांमुळे टिकली. तेउताच्या घरचे कागद असते तर तिथेही एखादं दस्तक निघालं असतं.

खडूफळा
हा मुद्दा वजनदार आहे. तरी 'निघालं असतं' यावर इतिहास उभा करायचा नाही, एवढ्यावर मी ठाम आहे.

मीनल_व्हिएन्ना
कागद नाहीत, पण माती आहे ना. सारायेव्होच्या पूर्वेला ग्लासिनाच नावाचं पठार आहे. १८८० मध्ये तिथे रस्त्याचं काम चालू असताना ऑस्ट्रियन सैन्याला दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली पुरलेलं एक कांस्य रथासारखं पात्र मिळालं. चार चाकं, वर पक्षी, पक्ष्याच्या पाठीवर पुन्हा लहान पक्षी. आज ते इथे व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. घरी कोणी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच.

मग त्या पठारावर असे ढिगारे हजारोंनी आहेत हे लक्षात आलं. १८८८ मध्ये सारायेव्होचं राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालं आणि त्यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. सरदारांच्या थडग्यांत कांस्याची पिंढरीकवचं, ग्रीक बनावटीची भांडी आणि अंबर (झाडाच्या चिकाचा पिवळसर जीवाश्म खडा) सापडला. अंबर उत्तरेकडून बाल्टिककडून यायचा, भांडी दक्षिणेकडून. म्हणजे इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकात या 'रानटी' डोंगराळ लोकांचा व्यवहार युरोपच्या दोन टोकांशी होता. हे कुठल्याही ग्रीक लेखकाने सांगितलेलं नाही, थडग्यांनी सांगितलं.

वाटसरू
मीनलताई, असा एखादा दगडी किल्ला वगैरे आज बघायला मिळतो का?

मीनल_व्हिएन्ना
हो. हर्झेगोविनात स्तोलाच गावाजवळ दाओर्सोन आहे, दाओर्सी जमातीचं मुख्य ठाणं. प्रचंड शिळा चुन्याशिवाय एकमेकींवर रचलेली तटबंदी आहे. वरच्या वंशावळीतली 'दाओर्थो' ती यांचीच.

शब्दवेडा
इतका वेळ थांबलो, आता भाषेबद्दल. 'अल्बेनियन ही इलिरियनचीच लेक' असं ठासून सांगितलं जातं. शक्यता आहे, सिद्धता नाही. कारण साधं आहे: एका बाजूला इलिरियनचा मजकूरच नाही, फक्त माणसांची नावं (बातो, प्लातोर, तेउता, एपिकादुस), गावांची नावं आणि चार-दोन शब्द. दुसऱ्या बाजूला अल्बेनियनचा सर्वांत जुना तारखेसह मिळणारा मजकूर १४६२ चा, बाप्तिस्म्याचं एक वाक्य. मधे हजार वर्षांहून मोठी दरी.

बाजूने बोलणारे म्हणतात, भूगोल तोच आहे आणि स्कोद्राचं श्कोदर, लिस्सुसचं लेझ झालं. विरोधातले म्हणतात, समुद्र आणि मासेमारीचे अल्बेनियन शब्द बरेचसे उसने आहेत, मग हे किनाऱ्यावरचे जुने रहिवासी कसे? काहींचा कौल बाल्कनच्या पूर्वेकडच्या थ्रेसियन किंवा डेशियन या जुन्या भाषांकडे जातो. इटलीच्या टाचेत मेसापी लोकांचे शेकडो शिलालेख आहेत. त्यांची भाषा इलिरियनची नातलग असावी असं अनेकांना वाटतं, आणि अल्बेनियनशी तिची जवळीक अलीकडे पुन्हा तपासली जाते आहे. माझ्या मते पुढची वाट त्या शिलालेखांतून जाते.

तिखटमीठ
चार-दोन शब्द कुठले?

शब्दवेडा
त्यातला एक तुमच्या आवडीचा. 'सबाया', म्हणजे जवाची दारू, बिअरच म्हणा. रोमन इतिहासकार अम्मियानुस सांगतो की इलिरिकममधल्या गरिबांचं हे पेय. रोमन बादशहा व्हॅलेन्सने एका शहराला वेढा घातला तेव्हा तटावरून लोक त्याला 'ए सबायावाल्या' म्हणून चिडवत होते. बादशहा मूळचा त्याच भागातला.

तिखटमीठ
हजार वर्षांचा समाज, आणि जगाने आठवणीत ठेवलं काय, तर बिअर! मान गए.

प्रयोगवही
जनुकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २०२३ च्या अखेरीस प्राचीन बाल्कन सांगाड्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार आजच्या बहुतेक बाल्कन लोकांच्या वंशात साधारण ३० ते ६० टक्के वाटा स्लाव स्थलांतरासोबत आलेल्यांचा आहे. उरलेल्यात जुन्या स्थानिकांचा अंश ठळक आहे. आणि इतकी शतकं रोमची सत्ता असूनही इटलीहून आलेल्यांचा ठसा मात्र फारसा सापडला नाही.

म्हणजे इलिरियन 'नाहीसे' झाले नाहीत. ते लॅटिन बोलू लागले, नंतर स्लाव भाषा बोलू लागले. 'आम्हीच खरे वंशज' हा दावा एकट्याने करायला तिथल्या कुठल्याच देशाला जागा उरत नाही.

नाणेघाट
तरी तो दावा झाला, आणि मोठ्या हिरिरीने झाला. १८०९ मध्ये नेपोलियनने एड्रियाटिकच्या काठचा मुलूख 'इलिरियन प्रांत' म्हणून एकत्र केला, राजधानी ल्युब्ल्याना. मग १८३० च्या दशकात क्रोएशियात ल्युदेवित गायची 'इलिरियन चळवळ'. सगळ्या दक्षिण स्लावांना एका छत्राखाली आणायला हे जुनं नाव घेतलं गेलं. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन सरकारला ते इतकं खुपलं की १८४३ मध्ये नावावरच बंदी आली. विसाव्या शतकात अल्बानियात एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने अल्बेनियन म्हणजे थेट इलिरियन हे सरकारी सत्य केलं. इलिर, अग्रोन, तेउता, बार्दिल ही नावं अल्बेनियन घराघरांत आहेत.

माझ्या संग्रहात 'लेक' या अल्बेनियन चलनाची नाणी आहेत. १०० लेकवर तेउता, ५० वर शेवटचा राजा गेन्तियुस घोड्यावर, २० वर प्राचीन गलबत. याच गेन्तियुसला इ.स.पू. १६८ मध्ये रोमन सेनापती अनिकियसने श्कोदरला गाठलं आणि रोमन इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्यानुसार तीस दिवसांत मोहीम संपवली. युद्ध सुरू झाल्याची बातमी रोमला पोचायच्या आधी ते संपल्याची बातमी आली.

वाटसरू
रोमचे काही बादशहाही इलिरियन होते ना?

खडूफळा
हो, तिसऱ्या शतकात रोम मोडकळीस आलं तेव्हा सावरणारे बहुतेक याच पट्ट्यातले फौजी होते. क्लॉडियस दुसरा, ऑरेलियन, प्रोबस, डायोक्लेशियन. ऑरेलियनने रोमभोवती बांधलेला तट आजही उभा आहे. पण त्यांना 'इलिरियन' म्हणतात ते प्रांतामुळे. लॅटिन बोलणारे, रोमन सैन्यात वाढलेले लोक ते.

डायोक्लेशियनने ३०५ मध्ये आपणहून गादी सोडली आणि जन्मगावाजवळच्या वाड्यात राहायला गेला. आजचं स्प्लिट शहर त्या वाड्याच्या भिंतींतच वाढलंय. परत या म्हणून गळ घालायला आले त्यांना तो म्हणाला म्हणे, मी लावलेले कोबी तुम्ही पाहिलेत तर असं विचारणार नाही.

दर्यावर्दी
कोबीवरून शेती आठवली. स्प्लिटसमोरच्या ह्वार बेटावर स्तारी ग्राद आहे. इ.स.पू. ३८४ च्या सुमारास पारोस बेटाहून आलेल्या ग्रीकांनी तिथे वस्ती केली आणि जमिनीचे दगडी बांधांनी आखीव तुकडे पाडले. द्राक्ष आणि ऑलिव्हची तीच शेती, तेच बांध, अजून चालू. २००८ पासून जागतिक वारसा. बेटावरच्या मूळ रहिवाशांनी मुख्य भूमीवरच्या इलिरियनांना मदतीला बोलावून प्रतिकार केला होता, तो ग्रीक आरमाराने मोडला.

प्रयोगवही
@अश्मक, मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या चाळणीला माझी एक जोड: ज्या माहितीत लेखकाचा काहीच फायदा नाही ती जास्त भरवशाची. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो की दाल्माती दर सात-आठ वर्षांनी जमिनीची फेरवाटणी करत आणि नाणं वापरत नसत. तोच सांगतो की औतारियाती आणि आर्डिएई मिठाच्या झऱ्यावरून भांडले, आळीपाळीने मीठ घ्यायचा करार केला, मोडला, पुन्हा लढले. यातून रोमचं काही भलं होत नाही. पण जमीन, मीठ, करार असा खराखुरा समाज दिसतो.

अश्मक
प्रयोगवही, ही कसोटी मी नक्की वापरेन. आणि तीच पुढे नेली तर लेखकाच्या सोयीच्या विरुद्ध जाणारी माहिती आणखी भरवशाची.

इलिरियन राजा बार्दिलिस बघा. याने इ.स.पू. ३५९ च्या आसपास मॅसेडोनियाचा राजा पर्डिकास आणि त्याची ४,००० माणसं मारली. दुसऱ्याच वर्षी मॅसेडोनियाचा नवा राजा फिलिपने त्याला हरवलं, ७,००० इलिरियन पडले. रोमन वक्ता सिसेरो बार्दिलिसचा उल्लेख 'इलिरियन लुटारू' असाच करतो, पण लगेच ग्रीक इतिहासकार थिओपॉम्पसच्या हवाल्याने सांगतो की लुटीची वाटणी न्याय्य करायचा म्हणून तो एवढा मोठा झाला. थिओपॉम्पस म्हणजे इलिरियनांना दारुडे म्हणणारा तोच. त्यालाही हे लिहावं लागलं, म्हणून मी ते मानतो.

बातोचं वाक्यही मी याच बळावर धरतो. डिओ स्वतः दाल्मातियाचा राज्यपाल होता, त्याचे वडीलही होते. राज्यपालाने 'आम्ही लांडगे पाठवले' असं शत्रूच्या तोंडून लिहून ठेवणं सोपं नाही. रोमन चरित्रकार सुएटोनियसने तर प्यूनिक (म्हणजे कार्थेजशी झालेल्या) युद्धांनंतरचं परक्यांशी झालेलं सर्वांत कठीण युद्ध म्हणून बातोच्या उठावाची नोंद केली आहे.

कुलाबकर
अश्मक, पण रोमन इतिहासकारांना शत्रूच्या तोंडी रोमवरची टीका घालायची हौसच असते. ती त्यांची शैली. तेउताचं वाक्य नाकारायचं आणि बातोचं मात्र ठेवायचं, हे कसं?

अश्मक
रास्त प्रश्न. शब्द डिओचे असतील हे मान्य. पण उठावाचं कारण वसुली आणि सक्तीची सैन्यभरती होती. उठाव सुरू झाला त्या वर्षी जर्मेनियाच्या मोहिमेसाठी गोळा केलेले देसितियाती सैनिकच आधी उलटले. वाक्याच्या मागे ही घटना आहे. तेउताच्या वाक्यामागे काय आहे, तर दुसऱ्या लेखकाकडे नसलेला एक दरबार.

नाणेघाट
बातोचं पुढे काय झालं ते राहिलं. एकदा तिबेरियस सैन्यासह अडचणीच्या जागी कोंडला गेला होता आणि बातोने त्याला निसटू दिलं होतं. त्याची जाण ठेवून तिबेरियसने त्याला इटलीतल्या रावेन्नाला ठेवलं, इनाम दिलं. हे सुएटोनियसचं.

कुलाबकर
निसटू दिलं? का?

नाणेघाट
सुएटोनियस कारण देत नाही. मेसापी शिलालेखांवर शब्दवेडा स्वतंत्र धागा काढतील तेव्हा तिथे भेटू.

शब्दवेडा
काढतो. पण आधी प्रयोगवहींनी त्या जनुकांच्या अभ्यासावर सविस्तर लिहावं. दोन्ही एकत्र वाचायला हवेत.